वाड्यातल्या तुळईचा सांधा उघडा पडलाय, लोखंडी अँगल वेल्ड करून घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की वाडा वाईचा, दीडशे वर्षांपलीकडचा. माजघरातल्या खांबावर दोन तुळया मिळतात तिथे बोटभर फट पडलीय आणि फॅब्रिकेटर अँगल वेल्ड करून देतो म्हणतोय. त्याला तूर्त थांबवा. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचीच कामं करतो, त्यावरून सांगतो: दुखणं बहुधा त्या खांबावर नाहीच.

सागवान सुकलं की रुंदी-जाडीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. खुंटी ढिली होते, कुसू (टोकाला काढलेली लाकडी जीभ) खाचेत हलायला लागतं, ते या आकसण्यामुळे. पण दोन तुळयांच्या टोकांत बोटभर अंतर पडलंय म्हणजे कुणीतरी सरकलंय. एकतर खांब कललाय, नाहीतर तुळईचं दुसरं टोक ज्या भिंतीत आहे ती भिंत बाहेर चाललीय. खांबाला आणि भिंतीला ओळंबा लावून बघा, त्यातच निम्मं उत्तर मिळेल.

मग फटीत टॉर्च मारा. आतल्या कडांवर काजळी, जुन्या रंगाचे थर, कोळिष्टकं असतील तर फट जुनी आहे. लाकूड स्वच्छ, पिवळट दिसलं तर ताजी. दोन्ही तुळयांवर पेन्सिलीने खूण करा, अंतर मोजून तारखेसकट तिथेच लिहून ठेवा आणि दर महिन्याला मोजा. तुळईचं टोक हस्तावर (खांबाच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडी आधारावर) अजून किती टेकलंय तेही बघा. ७५ मिलिमीटरपेक्षा कमी उरलं असेल किंवा हस्ताला उभी चीर गेली असेल, तर मोजत बसू नका. त्याच दिवशी टेकू द्या आणि वरची खोली रिकामी करा.

आता भिंतीतलं टोक. खरा घात इथे होतो, कारण ते दिसत नाही. वर नंतर केलेली मोरी किंवा बाथरूम आहे का? पन्हाळीचं पाणी त्याच भिंतीवर उतरतं का? मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केलाय का? (केलेला असतोच.) भिंतीत शिरलेली ओल त्या गिलाव्यातून बाहेर पडत नाही, मग ती तुळईच्या टोकात मुरते. भिंतीलगत ओलावा मोजायचं मीटर लावा. लाकडातला ओलावा सतत २० टक्क्यांच्या वर राहत असेल तर कुजण्याची भीती आहे. मीटर नसेल तर स्क्रूड्रायव्हर तिरका खुपसून लाकूड उचकटा. चांगल्या सागाची लांब, चिवट ढलपी निघते. कुजलेलं लाकूड कुटकन आखूड तुटतं. शंका असेल तिथे ४ मिलिमीटरचं ड्रिल सावकाश चालवा. साग धड असेल तर सोनेरी कीस येतो, कुजला असेल तर तपकिरी पीठ येतं आणि ड्रिल एकदम आत जातं.

दुरुस्तीच्या आधी पाणी बंद करा. मोरी हलवा, पन्हाळ बदला. ते न करता घातलेला पैसा पावसाळ्यात जातो. टेकू थेट तळमजल्याच्या जमिनीपर्यंत न्या, मधल्या पाटईवर (फळ्यांच्या मजल्यावर) थांबवू नका. जॅकने तुळई पुन्हा सरळ करायचा हट्ट नको. इतक्या वर्षांचा बाक कायमचा असतो, उलट वर रेटताना कुसू तुटतात.

टोक कुजलं असेल तर निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून तिरक्या जोडाने नवा तुकडा बसवतात. जोडाची लांबी तुळईच्या उंचीच्या तिप्पट-चौपट धरा. तुकडा पाडलेल्या वाड्यातल्या जुन्या, मुरलेल्या सागाचा घ्या. ओलं लाकूड आत बसून आकसतं आणि जोड पुन्हा ढिला होतो. सगळीकडे इपॉक्सी भरून द्यायला मी तयार नसतो. आत ओल राहिली तर ती कोंडते आणि पुढच्या सुताराला तो सांधा उघडता येत नाही. २०१७ मध्ये दिल्लीत इकोमॉस या वारसा जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लाकडी वारशाच्या जतनाची जी तत्त्वं स्वीकारली, त्यातही जुनं लाकूड शक्य तितकं राखा आणि पुढच्या दुरुस्तीची वाट बंद करू नका, असाच सूर आहे.

लोखंड वर्ज्य नाही. तुमच्याकडे दोन्ही तुळयांना जोडणारी स्टेनलेस स्टीलची पट्टी लागेलच, आणि भिंत सरकत असेल तर तुळईपासून भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बसवलेल्या जाड लोखंडी प्लेटपर्यंत ताणाची सळईही. फक्त बोल्ट तुळईच्या मध्यरेषेवर, लांबीने ओळीत घ्या, मोठे वॉशर द्या. एक बोल्ट वर, एक खाली असा ताठ पट्टीत अडकवला की आकसणारं लाकूड मधोमध फाटतं. अँगलने हेच होतं.

आणि वेल्डिंग वाड्यात नकोच. कडीपाटाच्या (कड्या-फळ्यांच्या छताच्या) फटीत उंदरांची घरटी, किड्यांनी पाडलेला भुसा, वाळकी धूळ भरलेली असते. ठिणगी आत पडली तर तासन् तास धुमसून रात्री पेटते. पट्ट्या कारखान्यात भोकं पाडून आणायच्या, जागेवर नुसते पाने चालवायचे. फॅब्रिकेटरला एवढं मान्य असेल तर काम त्यालाच द्या, पण मापं भिंतीतलं टोक उघडून बघितल्यावर.