वय 58, शुगर आहे, छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट चालू आहे. ताठरता येत नाही, मित्र म्हणतो मेडिकलमधून सिल्डेनाफिल घे. घेऊ का?

नाही, अजिबात घेऊ नका दादा, सॉर्बिट्रेट म्हणजे नायट्रेट, ते आणि सिल्डेनाफिल दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात आणि एकत्र पोटात गेले की बीपी एकदम खाली येऊन जीवावर बेतू शकतं. मी सोलापुरात मेडिकलवर बसतो, लोकं हळू आवाजात हीच गोळी मागतात आणि बाकी काय चालू आहे ते सांगतच नाहीत. ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नसते त्याचं कारण हेच. पेपरात जाहिरात येते त्या जोशाच्या चूर्णापासून पण लांब राहा, तसल्या कित्येक चूर्णांत हेच सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेलं सापडलंय. आणि हा प्रॉब्लेम फक्त वयाचा नाही, जास्त शुगरने नसा आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्यापेक्षा बारीक म्हणून तिथं आधी कळतं.

डॉक्टरला हे सांगा:
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, बीपीच्या पण
- एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) किती आहे
- तंबाखू, सिगारेट असेल तर तेही

सिव्हिलच्या मेडिसिन ओपीडीत गेलात तरी चालतं, लाजू नका, वहिनींना बरोबर न्या. फक्त एक, नायट्रेट चालू नसेल आणि हृदय ठीक असेल तर डॉक्टर हीच गोळी देऊ शकतात, पण सॉर्बिट्रेट स्वतःच्या मनाने बंद करून ती घ्यायला जाऊ नका.