‘गिग कामगार’मधला गिग कुठला?

प्रश्न असा आलाय की पेपरात हल्ली सारखं ‘गिग कामगार’ वाचायला मिळतं, तर यातलं गिग म्हणजे नक्की काय, गिगाबाइटशी त्याचं काही नातं आहे का, आणि याला सरळ ‘कंत्राटी कामगार’ का म्हणत नाहीत.

गिगाबाइटशी काही संबंध नाही. तो गिगा ग्रीकमधला, राक्षसी आकाराचा अशा अर्थाचा. आपला हा गिग आलाय जॅझवाल्यांकडून, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं ते संगीत वाजवणाऱ्यांकडून, आणि मला हा शब्द फार आवडतो म्हणून जरा लांबण लावतो.

१९२० च्या दशकात बँडमध्ये वाजवणारी मंडळी एका रात्रीच्या कामाला गिग म्हणायला लागली होती. लंडनहून ‘मेलडी मेकर’ नावाचं संगीताचं मासिक १९२६ मध्ये सुरू झालं, त्यात त्याच वर्षी हा शब्द छापलेला सापडतो, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या तोंडी तो त्याच्याही आधीपासून असणार. मूळ मात्र पक्कं लागलेलं नाही. कोणी दोन चाकी हलक्या घोडागाडीकडे बोट दाखवतं, तिलाही गिगच म्हणत, कोणी जिग नावाच्या नाचाकडे, कोणी जर्मनमधल्या फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, नावाकडे, पण कोशवाले ‘मूळ अज्ञात’ लिहून थांबतात आणि ते बरोबरच आहे. अमुक इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून गिग झाला असं सांगणारे फॉरवर्ड फिरतात त्यावर विश्वास ठेवू नका, त्या काळात बोलीतले शब्द असे आद्याक्षरांतून बनायची पद्धतच जवळपास नव्हती.

आता अर्थाकडे या, खरी गंमत तिथे आहे. जॅझवाल्याला महिन्याचा पगार नसायचा. आज या क्लबात, उद्या त्या डान्स हॉलमध्ये, परवा दुसऱ्याच गावात. स्विंग या नाचायच्या जॅझच्या जमान्यातले मोठे बँड तर रोज एक गाव करत बसने फिरायचे, आणि काळ्या वादकांना अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हॉटेलात खोलीच मिळायची नाही म्हणून कित्येकदा बसमध्येच झोपायचे. ड्यूक एलिंग्टन या बँडमास्तरने १९३० च्या दशकात यावर उपाय म्हणून अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी रेल्वेचे स्वतंत्र डबे भाड्याने घेतले होते, जेवणखाण झोपणं सगळं डब्यातच. न्यूयॉर्कमध्ये आणखी एक भानगड होती, १९४० ते १९६७ पर्यंत दारू मिळते अशा क्लबात वाजवायचं तर पोलिसांकडून कॅबरे कार्ड नावाचा परवाना घ्यावा लागायचा, कार्ड गेलं की त्या शहरातल्या क्लबांची दारं बंद. बिली हॉलिडे या गायिकेचं १९४७ मध्ये गेलं. थेलोनियस मंक या पियानोवाल्याचं १९५१ मध्ये गेलं आणि १९५७ ला परत मिळालं, मग तिथल्या फाइव्ह स्पॉट क्लबात जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवाल्याला घेऊन तो महिनोन्‌महिने वाजवत होता आणि त्या गिगबद्दल लोक अजून बोलतात. म्हणजे गिग हा शब्द आपल्याला आज जेवढा हलकाफुलका वाटतो तेवढा तो नव्हता, त्यात पुढचं काम मिळेल की नाही ही धाकधूक पहिल्यापासून होती, पण त्याचबरोबर आज रात्री स्टेजवर उभं राहायला मिळणार याचा आनंदही होता. त्यातला आनंद मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

जॅझवाल्यांची बोली पुढे सगळ्या जगाने उचलली. कूल घ्या. लेस्टर यंग हा सॅक्सोफोनवाला तो शब्द सारखा वापरायचा, १९५७ मध्ये माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवाल्याच्या रेकॉर्डच्या नावातच आला, आणि आता आपल्याकडे चौथीतलं पोरगंसुद्धा ‘कूल ना’ म्हणतं. हिप तसाच, हिपस्टर आणि हिप्पी त्याच्यातूनच निघाले. कॅब कॅलोवे या बँडमास्तरने तर १९३८ मध्ये या बोलीचा छोटा कोशच छापला होता, एका गायकाने स्वतः शब्दकोश काढावा हे मला आजही भारी वाटतं. जॅमिंगही त्यांचंच.

गिग स्टेजवरून खाली उतरला तो लेखकांमुळे. अमेरिकन कादंबरीकार जॅक केरुआक जॅझवेडा, तो रेल्वेत ब्रेकमनचं काम करायचा आणि १९५२ मध्ये त्याने त्या कामालाच गिग म्हटलं, म्हणजे पोटापुरती नोकरी जिच्यात माणूस स्वतःला बांधून घेत नाही. मग रॉकवाल्यांनी घेतला, मग सगळ्यांनी. २००८ च्या मंदीनंतर भल्याभल्या शिकलेल्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि लोक तीन-चार ठिकाणची सुटी कामं करून घर चालवायला लागले, तेव्हा २००९ मध्ये टीना ब्राउन या पत्रकार बाईंनी ‘गिग इकॉनॉमी’ असा लेख लिहिला आणि तो जोडशब्द चालला. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार कायद्याच्या भाषेत आला, आणि नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज आहे. जेवण पोचवणारा बाइकवाला आणि फाइव्ह स्पॉटमधला मंक एकाच शब्दाखाली आले ते असे.

मुंबईतही हे जगणं होतंच. १९३५ ला लिऑन ॲबी आपला बँड घेऊन ताजमध्ये वाजवायला आला, पाठोपाठ आणखी अमेरिकन काळे वादक आले, आणि त्यांचं ऐकून-पाहून गोव्याची पोरं तयार झाली. ती राहायची धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावाच्या लोकांनी मुंबईत काढलेल्या खोल्यांमध्ये, रात्री हॉटेलात वाजवायची, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायची. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हिएर वाझ, ज्याला सगळे चिक चॉकलेट म्हणायचे, त्यातलाच. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याचा ट्रम्पेट हिंदी सिनेमात आणला, १९५१ च्या ‘अलबेला’त तर तो बँडसकट पडद्यावर दिसतो.

आता मराठी शब्दाचं. कलाकाराच्या गिगला आपल्याकडे शब्द आहे आणि तो जुना आहे: सुपारी. तमाशाच्या फडाला जत्रेची सुपारी मिळते, नारायणगावला राहुट्या लागतात, गावकरी येतात, रक्कम ठरते, इसार देतात, झालं. एक गाव, एक रात्र, ठरलेले पैसे, पुन्हा पुढचं गाव. बँडवाले, सनईवाले अजूनही सर्रास ‘लग्नाची सुपारी आहे’ म्हणतात. गुंडांच्या बातम्यांनी शहरात हा शब्द बदनाम केला याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण याच्याइतका नेमका दुसरा नाही. बिदागी म्हणजे नुसता मोबदला, मैफल म्हणजे नुसता कार्यक्रम, सुपारीत ठरवणं, पैसे आणि वाजवणं तिन्ही येतं.

पण डिलिव्हरीवाल्याला सुपारी चालणार नाही हे उघड आहे. कंत्राटीही चुकीचं, कंत्राटी माणसाला निदान काही महिन्यांचा करार असतो. रोजंदारीही नाही, तिथे दिवस भरला की पैसे. इथे पैसे कामागणिक. गवंडी, शेतमजूर यांच्या बोलण्यात यासाठी ‘उक्तं काम’ आहे: रोजावर नाही, एवढं काम एवढ्या पैशाला, किती वेळ लागेल तो तुझा. माझ्या मते अर्थाने सगळ्यात जवळचा हाच. सरकारी कागदावर ‘उक्ते कामगार’ लिहिलं तर गावाकडच्या माणसाला एका झटक्यात कळेल, पुण्या-मुंबईतल्याला एकदा समजावून सांगावं लागेल इतकंच. तोवर गिग कामगार चालू द्या, शब्द वाईट नाही.

शेवटचं, कोणीतरी लिंगही विचारलंय. वाजवणाऱ्या पोरांत ‘माझा गिग’ आणि ‘माझी गिग’ दोन्ही ऐकू येतं. कार्यक्रम आणि शो डोक्यात असला की पुल्लिंगी होतो, मैफल असली की स्त्रीलिंगी. मी ‘माझी गिग’ म्हणतो, कारण सुपारी, मैफल आणि संगीतबारीतली बारी या तिन्ही स्त्रीलिंगीच आहेत.