चाळीसेक म्हणजे नक्की किती?

“मावशी, मी ३६ वर्षांचा. अंबडच्या कारखान्यातली नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी शाळेतल्या मित्राबरोबर फिल्म फोटोग्राफीची छोटी कंपनी काढली. फिल्मचा शंभर फुटी डबा आणून आम्ही रोल भरून विकतो आणि लोकांचे आलेले रोल धुऊन, स्कॅन करून देतो. आता हौशी लोकांसाठी देखणं त्रैमासिक काढायचंय. ६४ पानं, आर्ट पेपर, ५०० प्रती. मित्र म्हणतो, पैसे पाण्यात जातील, आपला काय छापखाना आहे? बायको काहीच बोलत नाही, ते जास्त लागतं. दोन महिने मी डमीवर, म्हणजे नमुना अंकावर, बसलोय, त्यात चाळीसेक रोल धुवायचे राहिलेत, ते होतीलच. पण दादासाहेब फाळक्यांच्या नाशिकमधून असं मासिक निघू नये का? मित्राला कसं पटवू?”
– एक हौशी, गंगापूर रोड

मावशी म्हणालास म्हणून अरे-तुरे करते. राग मानू नकोस. मानलास तरी चालेल.

पानं किती ते तुला पाठ आहे. कागद ठरलाय, प्रती ठरल्यात. आणि लोकांचे रोल? ‘चाळीसेक’. मंडईत वांगी घेतल्यासारखे. या चाळीसच्या शेपटीला लावलेला ‘एक’ कुणाचा रे? कुणी सोमेश्वरच्या धबधब्यावर घालवलेली सकाळ आहे ती, की कुणाच्या आजीचा शेवटचा पाडवा? तुला माहीत नाही. ज्यानं रोल पाठवला त्यालाही नक्की माहीत नाही, कारण धुईपर्यंत तो फोटो नसतोच. फिल्मवर नुसती उजेडाची खूण पडलेली असते, आणि उकाड्यात पडून राहिली की तीही फिकी होत जाते. हे तू मला शिकवायचं, मी तुला नाही. रोल फ्रीजमध्ये आहेत की टेबलाखालच्या खोक्यात, हे तू लिहिलं नाहीस. माझा अंदाज खोक्याचा.

१९८३ साली माझ्या डोहाळजेवणाचा रोल मेन रोडवरच्या एका स्टुडिओत धुवायला टाकला होता. “उद्या या,” म्हणाले. पुढचे चार महिने आमचे हे कामावरून येताना तिथे डोकावत होते. मग एक दिवस शटर बंद दिसलं ते बंदच राहिलं. फुलांची वाडी आईनं स्वतः गुंफली होती. ती अंगावर घालून मी कशी दिसत होते, हे मला आजतागायत ठाऊक नाही. त्या स्टुडिओवाल्याच्या डोक्यात कसलं मासिक होतं, देव जाणे.

रोल विकणाऱ्यानं मासिक काढू नये, असं मी म्हणत नाही. कोडॅकनं काढलं होतं, हौशी लोकांसाठीच, १९१३ साली. पण त्याआधी, १८८८ मध्ये, त्यांनी लोकांना शब्द दिला होता : बटण तुम्ही दाबा, बाकीचं आम्ही करू. कॅमेरा पंचवीस डॉलरला, आत शंभर फोटोंची फिल्म भरलेली. संपली की अख्खा कॅमेराच अमेरिकेतल्या त्यांच्या रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. दहा डॉलरमध्ये फोटो धुऊन, छापून आणि कॅमेऱ्यात नवी फिल्म भरून परत यायचं सगळं. तो शब्द पंचवीस वर्षं पाळल्यावर मासिक आलं. तुझं ‘बाकीचं’ खोक्यात पडलंय आणि तू मुखपृष्ठाचा रंग निवडतोयस.

बरं, ५०० प्रती घेणार कोण? पहिले गिऱ्हाईक त्याच खोक्यातले ना? संपादकीयात तू लिहिशील की फिल्म माणसाला संयम शिकवते. तो त्यांना तू आधीच शिकवलास.

आणि फाळक्यांना मध्ये आणलंस म्हणून सांगते. मोठा सिनेमा नंतर. आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ महिनाभर एकेक फ्रेम करत टिपली आणि पैसे लावणाऱ्यांना दाखवली. मोठमोठ्या योजनांचा कागद नव्हे, उगवलेलं रोप दाखवलं. फिल्मला भोकं पाडायला, रसायनं कालवायला त्यांची बायको सरस्वतीबाई होत्या. तुझी बायको का बोलत नाही, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण “दादा, रोल झाला का?” म्हणून येणारे फोन घरी कोण उचलतं, ते आठवून बघ.

मित्राची बाजू घेतेय असंही समजू नकोस. त्याला पैसे पाण्यात जाताना दिसतात. त्या खोक्याला वळसा घालून तोही दोन महिने ये-जा करतोय. पटवायचं वगैरे सोड. सध्या पटवण्यासारखं तुझ्याकडे काही नाही.

आज रात्री जेवण झालं की ते खोकं जमिनीवर उपडं कर. रोल मोज. वहीत एकेकाचं नाव आणि रोल आल्याची तारीख लिही. सगळ्यात जुनी तारीख ज्याची, त्याला उद्या सकाळी फोन कर. मेसेज नाही, फोन. उशीर का झाला ते खरं सांग, डमीसकट. माझ्या भाच्याला विचारलं मी : एका टाकीत दोन रोल, हायपो (फोटो पक्का करणारं रसायन) आणि धुणं धरून तासभर. म्हणजे वीस तास, तीन रविवार. शेवटची निगेटिव्ह पोस्टात पडेपर्यंत ती डमी माळ्यावर राहू दे, तिला काही कसर लागत नाही.

मासिकाबद्दल पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिही. आधी मात्र उद्या मला आकडा कळव. शेपटीला ‘एक’ न लावता.