दिवे मालवल्यावर दार वाजतं

ताई,
मी निवासी शाळेत शिकवते. धाकट्या मुलांचं हाउस माझ्याकडे आहे आणि माझी खोली त्यांच्या डॉर्मिटरीला लागूनच. सहावीतला एक मुलगा रोज रात्री दिवे मालवल्यावर दार वाजवतो. कधी पोट दुखतं, कधी पाणी हवं असतं. घरची आठवण येते, हे मला कळतं. मी त्याला आत बसवते, अर्धा-पाऊण तास बोलते. सहकारी म्हणतात, "लाडावून ठेवलंयस. दार उघडू नकोस, दोन दिवस रडेल आणि गप्प बसेल." परवा तो म्हणाला, "एक सांगायचंय, पण कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्या." मी विषय बदलला. सकाळी पहिला तास माझाच असतो आणि आता झेपत नाही. दार बंद केलं तर मी निर्दयी ठरेन का?
– एक हाउस मॅडम

प्रिय मॅडम,

आधी शपथेचं बोलू. दार, झोप, सहकारी हे सगळं नंतर. विषय पुन्हा काढा, आणि उद्याच काढा. शपथ मात्र घेऊ नका. त्याला सरळ सांगा : "तू सांगशील ते मी नीट ऐकेन. तुला मदत व्हावी म्हणून कुणाला सांगावं लागलं, तर आधी तुला सांगेन की कुणाला आणि का." बहुतेक मुलांना एवढं पुरतं. नाही बोलला तर खोदू नका, पण दर दोन दिवसांनी विचारत राहा.

हे एवढ्या घाईने सांगतेय, कारण घरची ओढ आणि डॉर्मिटरीची भीती रात्री अगदी सारखी दिसते. परत पाठवताना त्याच्याकडे लक्ष द्या. घरची आठवण काढणारं मूल आईबद्दल, घराबद्दल बोलतं आणि मन मोकळं झालं की पेंगुळतं. घाबरलेलं मूल बाकीचे झोपलेत ना याची खात्री करत दारात रेंगाळतं. कॉट बदलून मागतं. सकाळी त्याची चादर गादीखाली कोंबलेली सापडते. शेजारच्या कॉटवर कोण असतं, मोठी मुलं त्याच्याकडून कामं करून घेतात का, त्याच्या ट्रंकेतल्या वस्तू कमी होतात का, हे गवगवा न करता बघा. मारहाण, धमकी किंवा नको तसा स्पर्श याबद्दल तो काही बोलला, तर उलटतपासणी करू नका. त्याचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवा. तिथे चालढकल झाली तर बालसंरक्षण यंत्रणेकडे जा. हे एकटीने निस्तरायचं काम नाही.

आता समजा, ही घरचीच ओढ आहे. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर थर्बर आणि बालरोगतज्ज्ञ एडवर्ड वॉल्टन यांनी २००७ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात याच विषयावर लिहिलं होतं. घरापासून दूर गेलेल्या जवळपास प्रत्येक मुलाला ती थोडीफार जाणवते, असं ते सांगतात. पालकांना त्यांची एक ठाम सूचना आहे : "नाही करमलं तर लगेच घेऊन जाऊ" असा शब्द मुलाला देऊ नका. असा शब्द मिळालेलं मूल रुळायचं सोडून घरी नेण्याची वाट बघत बसतं. या मुलाच्या आईबाबांनी असं काही कबूल केलंय का, विचारा. फोनची वेळही विचारा. झोपण्याआधी घरचा आवाज ऐकला की बऱ्याच मुलांचा बांध फुटतो. फोन दुपारी ठेवता आला आणि पाठोपाठ खेळाचा तास असला, तर रात्र सोपी जाते.

सहकाऱ्यांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. दार उघडलं नाही तर रडणं थांबेल, हे खरं. पण आपल्यासाठी कुणी उठत नाही, हेही तो त्यातून शिकेल आणि पुढे खरोखर काही घडलं तरी दार वाजवणार नाही. तुमचीही पद्धत मात्र बदलायला हवी. त्याच्या वयाच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते आणि त्यातला पाऊण तास तुमच्या खोलीत जातोय.

म्हणून तीच भेट अलीकडे आणा. रात्रीचा अभ्यास संपल्यावर, दिवे मालवायच्या आधी, रोज दहा मिनिटं त्याची. खोलीत नको. कॉमन रूममध्ये किंवा व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं बसा. यात त्याचं रक्षण आहे आणि तुमचंही. पहिले काही दिवस तो तरीही दार वाजवेल. उघडा. पोट दुखत असेल तर मेट्रनना दाखवा, दर वेळी. आठवणीने दुखणारं पोटही खरंच दुखतं. नाहीतर त्याच्याबरोबर कॉटपर्यंत जा, पांघरूण घाला, "उद्या अभ्यासानंतर भेटू" म्हणा आणि परत या. रोज हेच वाक्य, हाच सूर. तुम्ही रोज भेटणार याची खात्री पटली की मध्यरात्री तपासून बघायची गरज उरत नाही.

रविवारची दुपार आणि जेवणानंतरचा रिकामा वेळ या मुलांना सगळ्यात जड जातो. तेव्हा त्याच्या हाताला एखादं खरं काम द्या : वाचनालयातली पुस्तकं लावणं, सामन्याचा गुणफलक सांभाळणं. जोडीला एखादा शांत मुलगा द्या.

आणि तुमची झोप. एका हाउसला रोज रात्री एकच मोठं माणूस, ही व्यवस्थाच चुकीची आहे. रात्रीच्या ड्यूट्या वाटून द्या, असं मुख्याध्यापकांना लेखी मागा. मेट्रन किंवा खेळाचे सर, दोघांपैकी एकाची या मुलाशी आतापासून ओळख वाढवा. तुमची सुट्टी असेल त्या दिवशी त्याला सकाळीच सांगा : "आज रात्री मी नाही, सर आहेत." आणि त्या रात्री दार वाजलं, तरी सरांनाच उठू द्या.