तिसऱ्या सायकलआधी त्याला बोलतं कर

पत्र: मी 34 वर्षांची, ऐरोलीत राहते. ठाण्यात आयव्हीएफच्या दोन सायकल फेल गेल्या. कमी स्पर्म काउंट (शुक्राणूंची संख्या) नवऱ्याचा आहे, पण घरी कुणाला माहीत नाही. सासूबाई मलाच उपास सांगतात. माझ्या पाटल्या गहाण आहेत. आता तो पर्सनल लोन काढून तिसऱ्यांदा करू म्हणतो. मला थांबावंसं वाटतं, पण मग ‘हिला मूल नकोच होतं’ असं होईल का? त्यात पुढच्या महिन्यात नणंदेचं डोहाळजेवण आहे.

प्रिय मैत्रिणी,

थांबावंसं वाटणं म्हणजे मूल नकोसं होणं नव्हे. पोटात सुया, पिकअपची म्हणजे स्त्रीबीजं काढतानाची भूल, ट्रान्सफरनंतर म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर जीव मुठीत धरून काढलेले दिवस आणि शेवटी बीटा, म्हणजे गर्भधारणेची रक्ततपासणी, निगेटिव्ह. हे दोनदा सोसलंस, दमणारच. आणि तू दुःखातही आहेस. जे रुजलं नाही त्याचं सुतक कुणी पाळत नाही, म्हणून ते दुःख खोटं ठरत नाही.

तुझ्या पत्रात मला पैशांपेक्षा दुसरंच जास्त खुपलं. काउंट त्याचा कमी, इक्सीसाठी (एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्यासाठी) सुया तुला, पाटल्या तुझ्या आणि उपासही तूच करायचे. त्याला लाज वाटत असेल, कदाचित तोही आतून मोडला असेल. पण ती लाज झाकायला बोलणी तू का खायचीस? आईशी त्यानेच बोलायला हवं. रिपोर्ट दाखवायची गरज नाही. ‘उपचार आम्हा दोघांचे चालू आहेत, यापुढे तिला काही विचारू नकोस,’ एवढं पुरे. तेवढं होईपर्यंत तिसऱ्या सायकलच्या कागदांवर सही करू नकोस. यावर मी ठाम आहे.

लोनआधी क्लिनिकमध्ये विचार, फ्रीझ केलेले भ्रूण शिल्लक आहेत का? असतील तर नुसत्या ट्रान्सफरला पिकअपचा आणि त्याआधीच्या महागड्या इंजेक्शनांचा खर्च पुन्हा येत नाही. नसतील तर भ्रूणांच्या रिपोर्टसकट सगळी फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि त्याला अँड्रोलॉजिस्टकडे, म्हणजे पुरुषांच्या वंध्यत्वाच्या डॉक्टरांकडे, नेलंय का कधी? व्हेरिकोसीलसारखं (वृषणाजवळच्या शिरा फुगणं) कारण निघालं तर काही जणांत उपचाराने फरक पडतो. यशाची शक्यता, धोके आणि खर्च आधी समजावून सांगणं 2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने क्लिनिकवर बंधनकारक आहे, तेव्हा विचारताना संकोचू नका. साध्या आरोग्य विम्यात हे उपचार बहुधा वगळलेले असतात, पण काही कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत असतात. त्याच्या एचआरला एक मेल टाकायला सांग.

मग दोघांनी बसून आकडा ठरवा: जास्तीत जास्त इतकेच, त्यापुढे कर्ज नाही. नकाराचा रिपोर्ट हातात असताना हे ठरवू नका, त्या दिवशी माणूस घरही विकायला तयार होतो. काही महिने थांबलं तर चालेल का, हे तुझा एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) बघून डॉक्टरच सांगतील.

डोहाळजेवणाला गेलीच पाहिजेस असं नाही. ओटी भरताना कुणी तुला वगळेल ही धास्ती असेल तर आदल्या दिवशी नणंदेला साडी देऊन, भेटून ये. तिला प्रेमाने खरं सांगितलंस तर ती समजून घेईल असं मला वाटतं.

झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. नवऱ्यालाही तो नंबर दे.