मूल झालं, आता माझी चित्रं संपली का?

समुपदेशनात हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा आईच घेऊन येते. कलाकार बाबा फार क्वचित. तेवढ्यावरूनही बरंच कळतं. त्यातला एक अनुभव इथे देते, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

ती तैलरंगात काम करणारी, नवरा वादक. मुलगी सव्वा वर्षाची. "माझ्यातली चित्रकार मेलीय बहुतेक," असं ती म्हणाली. मी आधी झोप, भूक आणि बाळाजवळ असताना मन कसं असतं, हे विचारलं. बाळंतपणानंतर पहिले एक-दोन आठवडे उगाच रडू येणं सहसा आपोआप ओसरतं. उदासी त्यापुढेही टिकली तर डॉक्टरांना दाखवायला हवं, कलेचा विचार नंतर. तिचं तसं नव्हतं. ती दमली होती आणि चिडली होती.

मग दोघांना आपापला आठवडा कागदावर मांडायला सांगितला. त्याचा रियाज रोज ठरलेल्या वेळी, त्या वेळेला कुणी हात लावायचा नाही. तिच्या चित्रांना त्या कागदावर जागाच नव्हती. बाळ झोपलं की बघू, एवढंच. नवरा दुष्ट नव्हता. "माझे कार्यक्रम ठरलेले असतात, तिचं चित्र तर..." म्हणाला आणि थांबला. बरं झालं, ती समोरच बसली होती.

आठवड्यातल्या दोन सकाळी तिच्या नावावर लागल्या. त्या वेळात बाळाची जबाबदारी पूर्ण त्याची, डबा कुठे आहे हेही तिला विचारायचं नाही. यावर आमची दोन सत्रं गेली.

उरलेला वेळ तुकड्यातुकड्यांचाच राहणार होता, आणि तैलरंगाला तुकडे मानवत नाहीत. रंग काढा, ब्रश धुवा, शिवाय रांगत्या मुलाजवळ टर्पेंटाइन नकोच. ती शाई आणि छोट्या कागदांकडे वळली. तिला ही माघार वाटत होती. मी तिला अमेरिकन शिल्पकार रूथ असावा यांच्याबद्दल सांगितलं. सहा मुलं वाढवताना त्या घरातच तारेची शिल्पं विणत. ते काम मध्येच खाली ठेवता येई, पुन्हा उचलता येई. ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांना 1934 मध्ये तिळं झालं, तरी त्यांचं शिल्पकाम चालू राहिलं. पण त्या बाळांना काही काळ प्रशिक्षित दायांनी सांभाळलं होतं. अशा गोष्टी सांगताना लोक नेमका हा भाग गाळतात आणि ऐकणारीला आपणच कमी पडतो असं वाटत राहतं.

शाईची चित्रं आता बरीच साठली आहेत. त्यातली काही तिला स्वतःला आवडतात, काही नाहीत. तैलरंगात असतानाही हे असंच होतं. एका निवासी कला-शिबिराची संधी मात्र तिने सोडली, कारण मूल सोबत नेण्याची परवानगी नव्हती. त्याचा राग तिला आहे. तो राग शांत करण्याच्या फंदात मी पडले नाही. आयोजकांना पत्र लिही म्हटलं.