हमिंगबर्डचं फीडर थंडीआधी काढून ठेवावं का?

काढू नका.

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत घर घेतल्यानंतरचा तुमचा हा पहिलाच सप्टेंबर. उन्हाळाभर फीडरवर, म्हणजे साखरपाणी भरून बाहेर टांगायच्या भांड्यावर, हमिंगबर्ड आले आणि आता ओळखीचे लोक सांगतायत की फीडर उतरवा, नाहीतर खाण्याच्या लोभानं पक्षी मागे राहतील आणि थंडीत मरतील. साखरेऐवजी मध किंवा गूळ चालेल का, हेही विचारलंय. मी राहते देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळ बॉथेलला, आणि आमच्याकडचा पक्षीही वेगळा. पण तुम्हाला सांगितलं गेलेलं ते वाक्य मी माझ्या घरात ऐकलंय आणि ऐकून एकदा फीडर काढलंही आहे. म्हणून लिहायला बसले.

2018 च्या मे महिन्यात सासू-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. त्याच महिन्यात मी डेकवरच्या वळचणीला हुक मारून पहिलं फीडर टांगलं. अप्पा, म्हणजे माझे सासरे, शाळामास्तर होते, निवृत्तीनंतर घरची शेती बघतात. पाखरं त्यांना कळतात. रोज पहाटे चहाचा कप घेऊन काचेच्या दारामागे बसायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हा तर आपला शिंजीर." मी म्हटलं, "नाही अप्पा, शिंजीर बहुतेकदा फांदीला धरून मध पितो. हा हवेत उभा राहतो, आणि मागेसुद्धा उडतो बघा." नात्यानं हमिंगबर्ड शिंजिरापेक्षा पाकोळीला जवळचा, आणि अमेरिका खंडांबाहेर तो कुठेच नाही. आपल्याकडे कुणी हमिंगबर्ड पाहिला म्हणालं तर तो शिंजीर असतो, नाहीतर फुलांपुढे भिरभिरणारा एखादा पतंग. अप्पांनी दोन दिवस निरखलं आणि मग मान्य केलं. मान वळली की त्या नराचा काळपट दिसणारा गळा डाळिंबाच्या दाण्यासारखा पेटायचा, तेव्हा ते आईंना हाक मारून बोलवायचे. असा माणूस एखादी गोष्ट सांगतो तेव्हा ती ऐकावीशी वाटते.

ऑक्टोबर लागला आणि अप्पा म्हणाले, "आता ते उतरव. आयतं मिळालं की पाखरू मिंधं होतं. जायचं थांबेल आणि बर्फात मरेल. ते पाप तुझ्या माथी." मी म्हटलं, जरा माहिती काढते. नवरा म्हणाला, "अप्पा म्हणतायत ना, राहू दे." मी फीडर धुतलं, पुसलं आणि गॅरेजमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी आला. फीडर नव्हतं, नुसता हुक होता. हुकाखाली जिथे फीडरच्या चोच घालायच्या भोकाभोवतीचं पहिलं लाल फूल असायचं, नेमक्या त्या जागी तो हवेत उभा राहिला. मग वीतभर सरकून दुसऱ्या फुलाच्या जागी. मग तिसऱ्या. मग चौथ्या. हवेतल्या त्या चारही जागा त्याला पाठ होत्या. मग काचेपाशी येऊन माझ्याकडे बघत थांबला. आठवडाभर रोज आला. अप्पा म्हणाले, "बघ, सवय लागली होती की नाही?" मी गप्प बसले.

नोव्हेंबरात ते परत गेले. डिसेंबरात एका सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं, आणि शेजारच्या आजी, ज्यांची चाळीस वर्षं याच गल्लीत गेली, कुंपणापाशी सहज म्हणाल्या, "तुमचं फीडर कुठे गेलं? हे आमचे अ‍ॅनाज हमिंगबर्ड हिवाळ्यात कुठे जात नाहीत." मी स्वयंपाकघरात येऊन रडले. जो पक्षी कुठेच जाणार नव्हता, तो जावा म्हणून मी ऐन थंडीच्या तोंडावर त्याच्यापुढचं ताट काढून घेतलं होतं.

त्या दिवसापासून मी या पक्ष्यांबद्दल मिळेल ते वाचत गेले. अ‍ॅनाज हमिंगबर्डचं वजन साधारण चार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा साखर. सिएटल परिसरात तो बारा महिने असतो. मी अंगणात महोनिया लावली, जिला नोव्हेंबर ते जानेवारीत पिवळ्या फुलांचे तुरे येतात. लाल फुलांचं रेड-फ्लॉवरिंग करंट लावलं, जे मार्चमध्ये फुलतं. दुसरं फीडर आणलं. आणि दोन्ही फीडर हिवाळ्यातही लावायला लागले.

मग डिसेंबर 2021 आला. त्याच वर्षी 28 जूनला सिएटलमध्ये पारा 42 अंशांवर गेला होता आणि साखरपाणी आंबू नये म्हणून मी सकाळ-संध्याकाळ बदलत होते. सहा महिन्यांत उलटं टोक. नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून बर्फ, रात्री उणे सात-आठ. साखरपाणी शून्याच्या किंचित खाली जाताच गोठायला लागतं. लोकरी मोजा गुंडाळून पाहिला, काही उपयोग झाला नाही. शेवटी गॅरेजमधला क्लिपचा दिवा काढला, त्यात जुना तारेचा बल्ब लावला (एलईडी तापत नाही, त्याचा फायदा नाही) आणि फीडरच्या खाली वीतभर अंतरावर बांधला. तेही पहाटेच्या थंडीला पुरेना, म्हणून दोन फीडर आलटून-पालटून: एक बाहेर, एक आत गरम होतंय. तेव्हा इथे सूर्य पावणेआठनंतर उगवतो, पण पक्षी त्याआधी अर्धा तास, जेमतेम दिसू लागलं की येतो. रात्रभर उपाशी असतो. त्या वेळी फीडर गोठलेलं असेल तर त्याला दुसरीकडे शोधत फिरायला अंगात ताकद कमी असते. म्हणून मी साडेसहाला उठून उभी.

त्यातल्या एका सकाळी फीडर बदलायला गेले तर जुन्या फीडरच्या दांडीवर तो बसलेला. पिसं फुगवून गोळा झालेला, चोच आभाळाकडे, डोळे मिटलेले. हलेना. मला वाटलं, गेला. हात लावणार होते, लावला नाही, हे बरं केलं. कडाक्याच्या रात्री हमिंगबर्ड स्वतःला जवळजवळ बंद करून घेतात. चाळीस अंशांचं अंग बाहेरच्या हवेकडे गार होत जातं, आणि उडताना मिनिटाला हजाराच्या पुढे जाणारे हृदयाचे ठोके पन्नासाच्या आसपास येतात. त्यातून जागं व्हायला वीसेक मिनिटं तरी लागतात आणि तेवढ्यासाठीही अंगात शिल्लक असावी लागते. मी फोन काढून साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे नऊ वाजले होते. अप्पा, आई, मी, तिघंही न बोलता बघत होतो. आधी शेपटी थरथरली. मग सगळं अंग कापायला लागलं, थंडी वाजणाऱ्या लहान मुलासारखं. मग डोळे उघडले, आणि तो जागचा न हलता मान वाकवून गरम फीडरमधून पिऊ लागला. पिताना त्याची जीभ सेकंदाला दहा-पंधरा वेळा आत-बाहेर होते, ती दिसत नाही, फक्त गळा हलताना दिसतो.

आईंनी हात जोडले. अप्पा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "पण तू ठेवलंस म्हणूनच तो तिथं राहिला ना?"

तर अप्पा, आणि तुम्हाला सांगणारे ते सगळे ओळखीचे लोक, हे ऐका. आमच्या अंगणात मार्चमध्ये दुसरा हमिंगबर्ड येतो, रूफस, घासलेल्या तांब्याच्या रंगाचा, स्वभावानं महाभांडकुदळ. तो हिवाळा मेक्सिकोकडे काढतो आणि वसंतात वर येतो, काही तर अलास्कापर्यंत जातात. आमच्याकडचे नर जुलै लागेपर्यंत परत निघालेलेही असतात, फीडर काठोकाठ भरलेलं असताना, बाग फुललेली असताना. त्याच हुकावरचं तेच साखरपाणी पिऊन एक जातो आणि एक राहतो. निघायची वेळ त्यांना दिवसाच्या लांबीवरून कळते आणि ती ओढ जन्मजात असते. तुमच्या न्यू जर्सीतला रूबी-थ्रोटेड हमिंगबर्डही तसाच. त्याचे नर ऑगस्टमध्येच निघू लागतात. आयत्या खाण्यासाठी थांबायचं असतं तर ते ऑगस्टमध्येच थांबले असते. आणि मिंधेपणाचं म्हणाल तर या पक्ष्यांचं बरंचसं जगणं चिलटं, मावा आणि बारीक कोळ्यांवर चालतं. अंगणात कीटकनाशक मारून वर फीडर टांगणाऱ्यांनी आधी ती फवारणी थांबवावी.

अप्पांचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे मला कबूल करायला हवं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अ‍ॅनाज हमिंगबर्ड दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून खाली मेक्सिकोतल्या बाहाच्या उत्तर भागातच घरटी करत. तो उत्तरेकडे पसरत इथवर आला त्यात माणसांनी लावलेल्या बागांचा आणि फीडरांचा मोठा हात आहे. आता तो शेजारच्या कॅनडातल्या व्हँकुव्हरचा अधिकृत शहरपक्षी आहे, 2017 पासून. म्हणजे माणसांनी ठेवलं म्हणून हा पक्षी राहिला, हे कित्येक पिढ्यांच्या हिशोबात खरं. पण जो आज इथेच जन्मलाय, त्याला ऑक्टोबरात उपाशी ठेवून तो कॅलिफोर्नियाला जाणार नाही. आणि हिवाळ्यात एकदा टांगलंत तर कडाक्याच्या थंडीत मध्येच बंद करू नका. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगून जा. मी सांगते.

साखरपाण्याचं: एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. बस. मध घालू नका, पाणी मिसळलेल्या मधात बुरशी पटकन धरते आणि ती पक्ष्याच्या जिवावर बेतते. गूळ किंवा ब्राउन शुगर नको, त्यातलं लोह त्यांना सोसत नाही. पिठीसाखरेत इथे मक्याचं पीठ असतं. आपल्या आया "साखर म्हणजे विष, गुळाचं घाल" म्हणतील, पण फुलातला मध हा मुळात साखरेचंच पाणी असतो. लाल रंग अजिबात नको, फीडरचा लाल भाग पुरतो. ऊन तापलेलं असताना दोन दिवसांनी, गारव्यात आठवड्यानं बदला, आणि दर वेळी गरम पाण्यानं ब्रश घालून धुवा. गढूळ दिसलं तर तारीख बघत बसू नका, ओता. मुंग्यांसाठी वर टांगायची पाण्याची वाटी मिळते. आपण साखरेच्या डब्याखाली पाण्याची ताटली ठेवायचो, तेच इथे वरच्या बाजूनं. फीडर खिडकीपासून तीन फुटांच्या आत ठेवा, म्हणजे पक्षी काचेवर वेगानं आदळत नाही.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. वसंतात घराबाहेरची, वळचणीची जळमटं झाडू नका. मादी कोळ्याच्या जाळ्याचे धागे नेऊन घरटं बांधते, वरून दगडफुलासारखे तुकडे चिकटवते. अर्ध्या अक्रोडापेक्षा थोडं मोठं घरटं आणि शेंगदाण्याएवढी दोन अंडी. पिल्लं वाढतात तसं ते जाळ्याचं घरटं ताणत जातं. नर काही मदत करत नाही. आमच्याकडे हे फेब्रुवारीतच सुरू होतं, तुमच्याकडे मे महिन्यात. सासूबाईंना दारात जळमटं बघवत नाहीत, पण कारण सांगितल्यावर त्यांनी केरसुणी स्वतः आत नेऊन ठेवली.

आता तुमच्यापुरतं. तुमचे पक्षी जाणारच आहेत. या दिवसांत जे दिसतायत ती बहुतेक याच वर्षीची पिल्लं. ती एकेकटी, वाट दाखवायला कुणी नसताना निघतात, आणि त्यांच्यातले बरेच पुढे मेक्सिकोच्या आखातावरून आठशे किलोमीटर एका दमात उडतात. त्याआधी खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करावं लागतं. त्यांच्यासाठी तुमचं फीडर हवंय. शेवटचा पक्षी दिसल्यावर दोन आठवडे मोजा, मग उतरवा. नोव्हेंबरात एखादा दिसलाच तर काढू नका, तो वाट चुकलेला रूफस असू शकतो. एप्रिलच्या मध्यावर पुन्हा टांगा. जो पक्षी जगून परत येतो तो बऱ्याचदा त्याच अंगणात येतो, म्हणून मधल्या काळात तो हुक मात्र जागचा हलवू नका.